काउंटर-स्ट्राइकच्या डेमोतून हायलाइट्स काढायच्यात? सॉफ्टवेअर निवडण्याआधी हे वाचा

एकट्याने समोरचे पाचही जण लोळवले, राउंड जिंकला, मॅच संपली, आणि मग लक्षात आलं की रेकॉर्डिंग चालूच नव्हतं. काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याने यात फार हळहळायचं कारण नाही. मॅचमेकिंगमध्ये खेळलेल्या मॅचचा डेमो गेमच्या 'वॉच' विभागातून उतरवून घेता येतो आणि तो राउंड पुन्हा हवा तसा बघता येतो. अडतं त्यापुढे. या डेमोतून यूट्यूबवर टाकण्याजोगा व्हिडिओ काढायचा कशाने? एक मित्र म्हणतो ओबीएस घे. दुसरा म्हणतो ग्राफिक्स कार्डासोबत येतं तेच वापर. तिसरा एचएलएई असं काहीतरी नाव घेतो आणि वर "पण सांभाळून हं" असंही बजावतो. तिघंही खरंच बोलत असतात, फक्त तिघांच्या डोक्यातलं काम वेगवेगळं असतं.

म्हणून आधी सॉफ्टवेअरची नावं बाजूला ठेवू आणि डेमो नावाच्या फाइलमध्ये नेमकं असतं काय ते बघू. ते कळलं की निवड बरीचशी आपोआप होते.

डेमोत चित्र नसतं. एकही फ्रेम नसते. बुद्धिबळाच्या डावाची लेखी नोंद असते ना, कोणतं मोहरं कोणत्या घरात गेलं एवढंच सांगणारी, तसा हा प्रकार आहे. नोंद हातात असली की कुणीही पट मांडून तो डाव पुन्हा खेळून बघू शकतो, पटाच्या हव्या त्या बाजूला बसून. डेमोत सर्व्हरने केलेली नोंद असते: कोण कुठे उभा आहे, कुठे बघतोय, हातात कोणती बंदूक आहे, गोळी कधी सुटली, कुणाला लागली. काउंटर-स्ट्राइक २ चे सर्व्हर सेकंदाला ६४ टिकच्या, म्हणजे ६४ ठोक्यांच्या, तालावर चालतात आणि नोंदही त्याच तालाने होते. डेमो लावला की गेम ही नोंद वाचतो आणि सगळं दृश्य तुमच्या ग्राफिक्स कार्डाकडून नव्याने रंगवून घेतो. ही पद्धत काउंटर-स्ट्राइकने शोधलेली नाही. १९९६ च्या क्वेकमध्येही डेमो याच तत्त्वावर चालत, आणि शूटर गेमच्या डेमोतून छोटे चित्रपट बनवण्याचा नादही तिथूनच सुरू झाला.

चित्र दरवेळी नव्याने रंगवलं जातं, याचे फायदे मोठे आहेत. मॅच तुम्ही लो सेटिंगवर आणि कमी रिझोल्यूशनवर खेळली असलीत तरी व्हिडिओ हाय सेटिंगवर काढता येतो. तुमच्या नजरेतून बघता येतं, तुम्ही ज्याला मारलंत त्याच्या नजरेतूनही बघता येतं, आणि कॅमेरा मोकळा सोडून छतावरूनही. स्कोअर, नकाशा, दारूगोळ्याचे आकडे, सगळं लपवता येतं. पण यातला सगळ्यात मोठा फायदा बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही: डेमो बघताना वेळ तुमच्या ताब्यात असते. खेळताना घड्याळ सर्व्हरचं असतं, तुमचा कॉम्प्युटर मागे पडला तर पडला. डेमोत मागे पडण्याचा प्रश्नच येत नाही, गेम तुमच्यासाठी थांबू शकतो.

सॉफ्टवेअरची खरी विभागणी इथेच होते. काही सॉफ्टवेअर पडद्यावर जे चाललंय ते चालू असतानाच टिपतात. ओबीएस, एनव्हिडियाचं शॅडोप्ले, एएमडीच्या ड्रायव्हरमधलं रेकॉर्डिंग, विंडोजचा गेम बार, स्टीमचं स्वतःचं रेकॉर्डिंग, हे सगळे त्या गटातले. दुसरा गट गेमच्या आत शिरून त्याला सांगतो, "एक फ्रेम रंगव, मला दे, मग पुढच्या फ्रेमकडे वळ." एचएलएई या गटातलं सगळ्यात नावाजलेलं. पहिल्या गटाला आपण टिपणारे म्हणू, दुसऱ्याला रंगवून घेणारे.

फ्रेम-फ्रेम रंगवून घेणं

काउंटर-स्ट्राइक ज्यावर चालतो त्या सोर्स इंजिनमध्ये होस्ट-फ्रेमरेट नावाची एक जुनी सेटिंग आहे. तिला ६० आकडा दिला की इंजिन असं धरून चालतं की दोन फ्रेममध्ये गेममधला वेळ बरोबर एक-साठांश सेकंदच पुढे सरकला. ती फ्रेम रंगवायला प्रत्यक्षात किती वेळ लागला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. समजा तुमचा लॅपटॉप हाय सेटिंगवर सेकंदाला जेमतेम १० फ्रेम काढतो. एरवी हे खेळण्याच्या लायकीचंही नाही. पण १० सेकंदांच्या क्लिपला ६०० फ्रेम लागतात. लॅपटॉप त्या निवांत एक मिनिट घेऊन काढेल, आणि तयार झालेला व्हिडिओ महागड्या कॉम्प्युटरवर काढल्यासारखा लोण्यागत चालेल. "माझ्या मशीनवर चांगला व्हिडिओ निघणारच नाही" असं म्हणत बसलेल्यांसाठी खरं तर हाच रस्ता आहे. गंमत म्हणजे हा रस्ता तेच सगळ्यात कमी वापरतात, कारण नाव ऐकूनच तो तज्ज्ञांचा वाटतो.

इंजिनची स्वतःची स्टार्टमूव्ही ही आज्ञाही आहे. जुन्या काळी ती प्रत्येक फ्रेमचं वेगळं, न दाबलेलं चित्र डिस्कवर टाकायची आणि आवाजाची वेगळी फाइल करायची. त्याचा हिशोब करून बघा. १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे एका चित्राला सुमारे ६.२ एमबी. दहा सेकंदांची ६०० चित्रं म्हणजे ३.७ जीबी. आणि हौशी मंडळी ६० वर थांबत नाहीत. ती सेकंदाला ३०० फ्रेम काढतात, म्हणजे त्याच दहा सेकंदांना १८ जीबीच्या वर जागा. एका संध्याकाळी डिस्क भरते.

३०० कशाला, हा प्रश्न रास्त आहे, कारण शेवटी यूट्यूबवर ६०च जाणार. उत्तर आहे मोशन ब्लर. डोळ्याला किंवा खऱ्या कॅमेऱ्याला झरकन फिरणारी गोष्ट थोडी पुसट दिसते. गेमची प्रत्येक फ्रेम मात्र लख्ख, गोठलेली असते. म्हणून माउस झटक्यात वळवून मारलेला किल ६० फ्रेमच्या व्हिडिओत तुटक वाटतो. ३०० फ्रेम काढून दर पाच एकमेकींत मिसळल्या की ६०च उरतात, पण प्रत्येकीत हालचालीचा माग असतो. चांगल्या फ्रॅगमूव्हीचा, म्हणजे निवडक किल जोडून केलेल्या व्हिडिओचा, तो मुलायमपणा येतो तो बहुतेक याच्यामुळे. तरी माझं मत विचाराल तर पहिल्या दहाएक क्लिपांना याची गरज नाही. आणि ब्लर भसाभस टाकला की बघणाऱ्याला डोकं कुठे होतं तेच दिसत नाही.

एचएलएई म्हणजे हाफ-लाइफ ॲडव्हान्स्ड इफेक्ट्स. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोजवर चालतं. फ्रेम रंगवून घेणं, कॅमेऱ्याचे मार्ग आखणं, ब्लरसाठी फ्रेम मिसळणं, सगळं त्यात आहे. शिवाय ते फ्रेम थेट एफएफएमपेग या व्हिडिओ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे सोपवू शकतं. एफएफएमपेग त्या तिथल्या तिथे दाबून व्हिडिओ बनवतं, त्यामुळे वर मांडलेला चित्रांचा डोंगर साचत नाही. शिकायला मात्र वेळ लागतो. बटणं कमी, कन्सोलमध्ये, म्हणजे गेमच्या आज्ञा लिहायच्या खिडकीत, टाइप करायच्या आज्ञा जास्त.

आता ते "सांभाळून". हे सॉफ्टवेअर गेमच्या प्रक्रियेत स्वतःला घुसवतं. चीट बनवणारेही तेच करतात, आणि गेम बनवणाऱ्या व्हॅल्व्हच्या व्हॅक या चीट पकडणाऱ्या यंत्रणेला दोघांतला फरक कळेलच असं धरून चालू नये. म्हणून एचएलएई गेमला 'इनसिक्युअर' हा पर्याय लावूनच उघडतं. त्या अवस्थेत व्हॅक असलेल्या सर्व्हरवर तुम्हाला जाताच येत नाही, डेमो मात्र बघता येतो. ही अडचण म्हणून ठेवलेली नाही, कुंपण म्हणून ठेवलेली आहे. कुणी ते काढायची युक्ती सांगितली तर त्याच्या नादी लागू नका, कारण व्हॅकचा बॅन कायमचा असतो. व्हिडिओचं काम झालं की गेम पूर्ण बंद करायचा आणि खेळण्यासाठी स्टीममधून नेहमीसारखा उघडायचा. आणि एचएलएई उतरवायचं ते त्याच्या गिटहबच्या अधिकृत पानावरूनच, कुणाच्या व्हिडिओखालच्या लिंकवरून नाही.

आज्ञा लिहायचा कंटाळा असणाऱ्यांसाठी सीएस डेमो मॅनेजर आहे. हेही फुकट आणि मुक्त स्रोत. डेमो त्यात टाकला की ते नोंद वाचून कोणत्या राउंडला कुणी किती किल केले, कुठे एस झाला (एकट्याने पाचही मारले), कुठे क्लच (शेवटी एकटा उरून राउंड जिंकला), सगळं यादी करून दाखवतं. डेमो म्हणजे माहिती, चित्र नाही, याचा हा आणखी एक फायदा: व्हिडिओ न बघताच त्यातला चांगला क्षण शोधता येतो. खेळाडू निवडायचा, किल निवडायचे, आधी-नंतर किती सेकंद ठेवायचे ते सांगायचं, आणि ते मागच्या मागे एचएलएई आणि एफएफएमपेगला कामाला लावून क्लिप काढून देतं. बसवताना एक पायरी अनेकांना अडवते. त्याला पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस आधी बसवलेला लागतो, आणि गेम खेळणाऱ्या माणसाने तो शब्द कधी ऐकलेला नसतो. पण ते एकदाच करायचं काम आहे, आणि माझ्या लेखी काउंटर-स्ट्राइकच्या डेमोंसाठी सध्या सुरुवात करायला यासारखं दुसरं नाही.

ऑलस्टारसारख्या सेवा हेच काम स्वतःच्या सर्व्हरवर करतात. खातं जोडलं की मॅचनंतर तयार क्लिप मिळते, तुमच्या कॉम्प्युटरला तोशीस नाही. मित्रांच्या ग्रुपवर टाकायला उत्तम. पण कॅमेरा, रंग, लांबी यांवरचा ताबा तुम्ही सोडून दिलेला असतो.

ओबीएसने भागेल का?

बहुतेकांचं भागेल. कॉम्प्युटर डेमो चालवताना सतत ६० च्या वर फ्रेम देत असेल आणि तुम्हाला ब्लर, उडता कॅमेरा वगैरे नको असेल, तर ओबीएस पुरे. डेमो लावा, शिफ्ट आणि एफ-२ दाबून डेमोची पट्टी आणा, राउंडपर्यंत जा, रेकॉर्ड दाबा.

सेटिंगमध्ये तीनच गोष्टी नीट बघा. एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून व्हिडिओ बनवणारा भाग, ग्राफिक्स कार्डाचा निवडा, एनव्हिडियाचा एनव्हीएन्क किंवा एएमडीचा स्वतःचा, कारण प्रोसेसरवर भार टाकला की गेम आणि रेकॉर्डिंग दोन्ही अडखळतात. दर्जा ठरलेल्या बिटरेटने (सेकंदाला ठरावीक डेटा) न देता सीक्यूपी या पद्धतीने द्या आणि आकडा १८-२० च्या आसपास ठेवा. शांत दृश्याला कमी डेटा, धुराच्या बॉम्बला जास्त, असं ते आपलं आपण जमवतं. आणि फाइल एमकेव्हीमध्ये घ्या. साधी एमपी४ फाइल मध्येच वीज गेली की उघडतच नाही, एमकेव्हीमध्ये तिथपर्यंतचं रेकॉर्डिंग वाचतं. आपल्याकडे गावी दुपारी लाइट जाणं नवीन नाही, तेव्हा हे मनावर घ्या. नंतर ओबीएसमधूनच ती एमपी४ करता येते, दर्जा न घटवता. गेम कॅप्चरमध्ये काळा पडदाच दिसला तर विंडो कॅप्चर किंवा डिस्प्ले कॅप्चर लावून बघा.

मशीन हलकं आहे पण एचएलएई नको, अशांसाठी एक मधली वाट आहे. डेमोचा वेग कन्सोलमधून कमी करता येतो. तो पाव करा आणि त्या संथ गतीत ओबीएसने टिपा. समजा गेम सेकंदाला ३० फ्रेमच देतोय. पाव वेगात गेममधला एक सेकंद चार सेकंदांत उलगडतो, म्हणजे त्या एका सेकंदाच्या १२० फ्रेम हाती लागतात. एडिटरमध्ये क्लिप चौपट वेगाने चालवली की ६० फ्रेमचा सुरळीत व्हिडिओ तयार. आवाज मात्र यात विचका होतो. त्यावर उपाय सोपा: तोच राउंड एकदा नेहमीच्या वेगाने टिपायचा, चित्र फेकून द्यायचं, आवाज घ्यायचा आणि पहिल्या गोळीच्या आवाजावर दोन्ही जुळवायचे. हे गावठी वाटेल, पण निकाल चांगला येतो.

टिपायला बसण्याआधी पडदा आवरा. काउंटर-स्ट्राइकमध्ये फक्त किलफीड (कुणी कुणाला मारलं ती यादी) आणि क्रॉसहेअर (नेमाची खूण) ठेवून बाकी सगळं लपवणारी एक सेटिंग आहे. भिंतीपलीकडचे खेळाडू दाखवणारा एक्स-रे बंद करायला विसरू नका. तो चालू राहिलेला व्हिडिओ टाकला की खाली "वॉलहॅक", म्हणजे भिंतीपलीकडचं दिसणारं चीट, अशी पहिली कमेंट ठरलेली. अनोळखी खेळाडूंची नावं आणि त्यांचा व्हॉइस चॅटही काढून टाकलेला बरा. त्यांनी तुमच्या व्हिडिओत यायला होकार दिलेला नाही, आणि पब्लिक मॅचमधली भाषा कशी असते हे वेगळं सांगायला नको.

डेमोत जे नसतंच

डेमोत गेम असतो, तुमची खोली नसते. डिस्कॉर्डवर मित्र "अरे मागे बघ, मागे!" म्हणून किंचाळला, क्लच जिंकल्यावर चौघांनी एकदम आरडाओरडा केला, यातलं काहीही डेमोत सापडणार नाही. क्लिपची सगळी मजाच त्या आरडाओरड्यात असेल तर ती खेळतानाच टिपलेली हवी. त्यासाठी बफर पद्धत आहे. सॉफ्टवेअर मागची ठरावीक मिनिटं सतत धरून ठेवतं, आणि काहीतरी घडल्यावर तुम्ही बटण दाबलं की तेवढंच जपून ठेवतं. एनव्हिडियाने शॅडोप्लेमध्ये २०१३ साली हे आणलं आणि मग सगळ्यांनी उचललं. विंडोजमध्ये विंडोज, ऑल्ट आणि जी एकत्र दाबून होतं, मात्र पार्श्वभूमीतलं रेकॉर्डिंग आधी चालू करून ठेवावं लागतं. ओबीएसमध्ये त्याला रिप्ले बफर म्हणतात. तिथे माइक, मित्रांचा आवाज आणि गेमचा आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घेता येतात, ही त्याची जमेची बाजू.

स्टीमने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये स्वतःचं रेकॉर्डिंग सगळ्यांसाठी खुलं केलं. काही गेम त्याच्या टाइमलाइनवर घडामोडींच्या खुणाही करतात, त्यामुळे तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये चाचपडावं लागत नाही. नवीन काही बसवायचं नसेल तर हे आधी वापरून बघावं.

मला विचाराल तर काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्याने दोन्ही ठेवावं: खेळताना बफर, आणि चांगल्या राउंडचा डेमो. चित्र डेमोतून रंगवून घ्यायचं आणि आरडाओरडा बफरमधून उचलायचा.

दुसरे गेम खेळणाऱ्यांना इतकी मोकळीक नाही. व्हॅलोरंट २०२० मध्ये आला आणि रिप्लेची सोय मिळायला २०२५ उजाडलं. ते रिप्ले गेमच्या आतच बघायचे. व्हॅनगार्ड नावाचा त्यांचा पहारेकरी विंडोजच्या गाभ्यात बसलेला असतो, त्यामुळे एचएलएईसारखं काही तिथे घुसवण्याचा विचारही नको. ओबीएस किंवा कार्डाचं रेकॉर्डिंग, बस.

आणि बीजीएमआय खेळणारे, म्हणजे आपल्याकडचे खूप जण, मोबाइलवर असतात. तिथे पडदा टिपणं हाच मार्ग. अँड्रॉइड ११ पासून आणि आयफोनमध्ये आयओएस ११ पासून स्क्रीन रेकॉर्डर फोनमध्येच असतो. वेगळं ॲप घ्यायची गरज क्वचितच पडते, आणि त्या ॲपांतल्या जाहिरातींपेक्षा तो नक्कीच बरा.

एडिटिंगबद्दल थोडक्यात. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती विंडोजवर बहुतेकांना पुरते. हलकं काही हवं असेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह. फोनच्या क्लिपांचा फ्रेमरेट बदलता असतो, त्यामुळे आवाज पुढे-मागे सरकतो. एडिटरमध्ये घेण्याआधी त्या एकसारख्या ६० फ्रेमवर आणून घ्या. यूट्यूब १०८०पी आणि ६० फ्रेमच्या व्हिडिओला १२ एमबीपीएस सुचवतं, पण धूर आणि पळापळ असलेल्या शूटर गेमला तिथल्या पुन्हा दाबण्याचा फटका बसतो. म्हणून बरेच जण १०८०पीचा व्हिडिओ मोठा करून १४४०पी म्हणून चढवतात. मोठ्या आकाराला यूट्यूब सहसा चांगला कोडेक (व्हिडिओ दाबायची पद्धत) देतं आणि चित्र कमी फुटतं. डेमोतून काढत असाल तर मोठं करायचीही गरज नाही, थेट १४४०पीमध्येच रंगवून घ्या.

एक काम मात्र लांबणीवर टाकू नका. नोंद वाचायला ती लिहिणाऱ्या गेमचीच आवृत्ती लागते. मोठा अपडेट आला की जुने डेमो कधी बिघडलेले दिसतात, कधी उघडतच नाहीत. शिवाय सर्व्हरवरचा डेमो काही काळाने पुसला जातो, म्हणून आवडलेल्या मॅचचा डेमो त्याच आठवड्यात उतरवून ठेवा आणि हवी ती क्लिप पुढच्या अपडेटच्या आत काढून घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ आला तेव्हा सीएस:गोचे, म्हणजे त्याआधीच्या काउंटर-स्ट्राइकचे, सगळे डेमो नव्या गेममध्ये निरुपयोगी झाले. ज्यांच्या हार्ड डिस्कवर ते अजून पडून आहेत त्यांनी स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधल्या बीटा यादीत बघावं. सीएस:गोची जुनी आवृत्ती व्हॅल्व्हने तिथे ठेवली, ती निवडली की ते डेमो उघडतात, आणि एचएलएई त्या आवृत्तीवरही चालतं.